स्टेअरिंग ढिले झाले. पण ढिलाई नेमकी कुठे आहे?



सेलूच्या रेल्वे स्टेशनबाहेर किंवा पाथरी, जिंतूर, परभणीच्या रस्त्याला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या नीट पाहिल्या, तर त्यांतील बऱ्याच गाड्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या हातात असल्याचे दिसून येते. शोरूममधून नवी गाडी घेणे कष्टकरी कुटुंबाला परवडत नाही. म्हणून कोणी भावाभावांत पैसे घालून जुनी मारुती ८०० घेतो, तर कोणी बचत गटाचे कर्ज काढून जुनी जीप घेतो आणि काळी-पिवळी म्हणून भाडे मारून घर चालवतो. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असो, लग्नाचे वऱ्हाड असो की बाजारचा दिवस असो, आपली माणसे याच गाड्यांत बसतात.

या गाड्यांचे वय काही कमी नाही. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये निघाली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. टाटा सुमो १९९४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. कमांडर जीप तर त्याच्याही आधी बंद झालेली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा होती. ती पूर्ण होऊन ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. परंतु खेड्यापाड्यांत व तालुक्याच्या गावांत जुन्या गाड्या अजून पळत आहेत. गाडी जुनी असली म्हणून काही बिघडत नाही. तिच्याकडे लक्ष मात्र पाहिजे.

अशा गाड्यांची एक तक्रार सर्वांच्या तोंडी असते, "स्टेअरिंग लूज झालंय." ही तक्रार घेऊन माणूस गॅरेजमध्ये जातो. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "बॉक्स गेला, बदलावा लागेल." काही हजारांचा खर्च अंगावर येतो. पुष्कळ वेळा बॉक्स चांगला असतो आणि बिघाड काही शेकडा रुपयांच्या एखाद्या लहान भागात असतो. पैसे जातात आणि खरा बिघाड गाडीतच राहतो. म्हणून स्टेअरिंगची ढिलाई नेमकी कुठे आहे हे आपले आपण कसे शोधावे, याविषयी आज थोडी माहिती घेऊ या. त्यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही. दोन माणसे, एक खडू, एक फूटपट्टी, जॅक आणि अर्धा-पाऊण तास एवढे पुरे.

साखळीतल्या कड्या

आपण स्टेअरिंग फिरवतो आणि पुढची चाके वळतात, या दोन गोष्टींच्या मध्ये एक साखळी असते. जुन्या जीपमध्ये ही साखळी अशी आहे: स्टेअरिंगच्या खाली एक दांडा, दांड्याला सांधा, सांध्यापुढे स्टेअरिंग बॉक्स. बॉक्सच्या बाहेर एक लोंबता हात असतो, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक नावाचा आडवा दांडा जोडलेला असतो. तो एका चाकाला वळवतो, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड दुसऱ्या चाकाला वळवतो. प्रत्येक दांड्याच्या टोकाला गोळीचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट असतो. आपल्या खांद्याचे हाड जसे खोबणीत फिरते, तशी ही गोळी वाटीत फिरते. वाटीत ग्रीस असते आणि वरून रबरी टोपी असते.

मारुती ८००, ओम्नी, त्याचप्रमाणे अॅम्बेसेडर या गाड्यांत बॉक्स नसतो. तिथे दाते पाडलेली एक लांब सळई, म्हणजे रॅक असते. ती डावी-उजवीकडे सरकते व तिच्या दोन टोकांचे टायरॉड चाकांना वळवतात. या साखळीत कड्या कमी, म्हणून ढिलाईच्या जागाही कमी.

आता हिशेब पाहा. चाकाजवळच्या ज्या हाताला टायरॉड जोडलेला असतो, तो साधारण १३ सेंटिमीटर लांब धरू. टायरॉडच्या गोळीत फक्त १ मिलिमीटर ढिलाई झाली, तर चाक जेमतेम अर्धा अंश मोकळे हलते. पण स्टेअरिंग साधारण १८ अंश फिरवावे तेव्हा चाक १ अंश वळते. म्हणजे ती १ मिलिमीटरची ढिलाई आपल्या हातापर्यंत येईतो सुमारे ८ अंशांची होते, आणि स्टेअरिंगच्या कडेला मोजली तर अडीच-तीन सेंटिमीटर भरते. जीपमध्ये असे चार-पाच सांधे असतात. प्रत्येकाने थोडी थोडी भर घातली की हात वीतभर फिरतो आणि गाडी मात्र सरळच जाते. दुकानदाराच्या वहीत प्रत्येक पानावर चार-आठ आण्यांची चूक असावी आणि शेवटी बेरजेत मोठी तूट दिसावी, तसाच हा प्रकार आहे. तूट शेवटच्या पानावर दिसते म्हणून चूक शेवटच्या पानावर असते असे नाही. एकेक पान तपासावे लागते.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ९८ वा नियम खास स्टेअरिंगविषयी आहे. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, स्टेअरिंगची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा जास्त नसावी. दोन, स्टेअरिंगच्या दांड्यांच्या सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात. तीन, जिथे बोल्ट किंवा पिनांनी जोड दिलेला आहे, तिथे ते बोल्ट व पिना निघू नयेत असे पक्के अडकवलेले असावेत. गाडी कोणाचीही असो, हा नियम सर्वांना लागू आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवताना तपासणी होते. एमएच २२ पासिंगची गाडी परभणीच्या परिवहन कार्यालयात नेली आणि स्टेअरिंगसाठी परत पाठवली गेली, तर भाड्याच्या गाडीवाल्याचे दोन-चार दिवसांचे पोट मारले जाते. त्यापेक्षा घरीच आधी पाहिलेले बरे.

३० अंश म्हणजे किती? घड्याळाचा काटा बारावरून एकवर गेला की ३० अंश झाले. स्टेअरिंग ४० सेंटिमीटर रुंदीचे असेल तर त्याच्या कडेला हे अंतर साधारण १० सेंटिमीटर येते. लक्षात ठेवा, ही शेवटची हद्द आहे. चांगल्या स्थितीतल्या मारुतीत ही हालचाल तीन सेंटिमीटरच्या आत असते. जुन्या जीपमध्ये ती चार-पाच सेंटिमीटरपर्यंत गेली की शोध सुरू करावा. दहाची वाट पाहू नये.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट जागेवर गाडी उभी करा, पुढची चाके अगदी सरळ ठेवा. साध्या स्टेअरिंगच्या गाडीचे इंजिन बंद ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून इंजिन सुरू ठेवा. एकाने बाहेर उभे राहून पुढच्या टायरवर नजर ठेवायची. दुसऱ्याने दोन बोटांनी स्टेअरिंग हळूहळू डावीकडे न्यायचे. टायर हलायला लागले की बाहेरच्याने "बस" म्हणायचे, आणि आतल्याने स्टेअरिंगच्या कडेवर व डॅशबोर्डवर समोरासमोर खडूची खूण करायची. मग उजवीकडे तसेच. दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजून वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करता येते.

तक्रार ओळखा, मग कारण शोधा

सगळ्याच तक्रारींना लोक "लूज" म्हणतात, तिथेच घोळ होतो. गाडी सारखी एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरमधील हवा पाहावी, मग एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटतो का ते पाहावे, त्यानंतर अलाइनमेंट. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर चाकाचे बॅलन्सिंग गेलेले असू शकते किंवा रिंग वाकलेली असू शकते. स्टेअरिंग जड झाले असेल, तर हवा कमी असेल किंवा सांधे कोरडे पडले असतील. आणि हात फिरवला तरी गाडी उशिरा वळते, सरळ रस्त्यावरही सारखे डावे-उजवे करावे लागते, खड्ड्यात चाक गेले की खालून "टक्" असा आवाज येतो, ही खरी ढिलाईची लक्षणे होत.

म्हणून पहिले काम हवेचे. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. टायर कसे झिजले आहेत ते हात फिरवून पाहा. एकाच कडेने झिजले असतील, किंवा एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखे लागत असतील, तर चाकांची दिशा बिघडलेली आहे. जीपचे पाटे पाहा. पाट्याच्या मधला बोल्ट तुटला किंवा त्याचे बुश गेले, तर पुढचा एक्सलच मागे-पुढे सरकतो आणि गाडी भरकटते. तिथे स्टेअरिंगचा काही दोष नसतो.

दोघांची तपासणी

आता मुख्य काम. चाके जमिनीवरच राहू द्या. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडे डावे, थोडे उजवे, असे झटपट हलवत राहायचे. पूर्ण वळवायचे नाही, फक्त मोकळ्या हालचालीपुरते. आत बसणारा चालक असलाच पाहिजे असे नाही. घरातील बाई, मोठी मुलगी, मुलगा कोणीही हे काम करू शकतो. फक्त गाडी सुरू करायची नाही आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे. दुसऱ्याने टॉर्च घेऊन वरून खाली एकेक जोड पाहायचा आणि त्यावर हात ठेवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळते. एका बाजूचा दांडा हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग उशिरा हलतो, ती ढिलाईची जागा.

क्रम असा ठेवा:

पहिला, स्टेअरिंगखालचा दांडा व त्याचा सांधा. सांध्याचा बोल्ट ढिला आहे का? रबरी कपलिंग असेल तर चिरले आहे का?

दुसरा, बॉक्स ज्या बोल्टांनी चेसिसला बांधलेला असतो ते बोल्ट. स्टेअरिंग हलवताना आख्खा बॉक्सच हलतो का ते पाहा. रॅकच्या गाडीत रॅकचे क्लँप व त्याखालचे रबर पाहा.

तिसरा, बॉक्सचा दांडा आणि ड्रॉप आर्म. आतला दांडा फिरतो आणि बाहेरचा आर्म उशिरा हलतो, तेव्हा दोष बॉक्समध्ये. ड्रॉप आर्मचा मोठा नट ढिला असेल तर तोही इथेच कळतो.

चौथा, ड्रॅग लिंक व टायरॉडच्या सर्व गोळ्या. सुमो, पद्मिनीसारख्या गाडीत बॉक्सच्या समोरच्या बाजूला आणखी एक हात असतो, त्याला आयडलर म्हणतात. तो हाताने वर-खाली हलवून पाहा. त्याचे बुश गेलेले असते आणि बिचाऱ्या बॉक्सवर आळ येतो.

पाचवा, रबरी टोप्या. टोपी फाटली असेल तर समजा की त्या सांध्याचे दिवस भरत आले. आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून रस्ते लाटांसारखे होतात. त्या लाटांवर सांधा रोज ठेचला जातो. फाटक्या टोपीतून पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन जाते आणि राहिलेली माती घासकागदासारखी गोळी झिजवते. म्हणूनच पावसाळा संपला की एकदा गाडीखाली डोकावायलाच हवे.

या क्रमाचे महत्त्व एका प्रसंगावरून लक्षात येईल. आमच्या वस्तीतील एका तरुणाने बायकोच्या बचत गटाचे कर्ज काढून जुनी कमांडर घेतली व सेलू-पाथरी रस्त्यावर भाडे मारू लागला. काही महिन्यांत स्टेअरिंग ढिले झाले. एका गॅरेजवाल्याने बॉक्स बदलायला सांगितला. जुन्या बाजारातून दुसरा बॉक्स आणून बसवला, कर्जाचे दोन हप्ते त्यात गेले. आठ दिवसांत स्टेअरिंग पुन्हा तसेच. तेव्हा अंगणात गाडी उभी करून त्याची नववीतली मुलगी आत बसली, तिने स्टेअरिंग हलवले आणि तो टॉर्च घेऊन खाली शिरला. बॉक्स चांगला होता, पण तो ज्या चेसिसला बांधला होता तिथे एका बोल्टाच्या भोकापासून बारीक तडा गेला होता. हालचाल झाली की तडा उघडायचा आणि मिटायचा. बॉक्स बदलताना तो तडा कोणी पाहिलाच नव्हता. वेल्डिंगवाल्याने आतून लोखंडी पट्टी देऊन तडा बुजवला, चारही बोल्ट नवे घातले आणि काम झाले. जे दोन हप्ते वाया गेले ते गेलेच. परंतु तो तडा सापडला नसता तर भरल्या गाडीत एखाद्या वळणावर काय झाले असते, याचा विचार करून त्या घरातील बाई आजही अस्वस्थ होते.

चाक उचलून पाहताना

यानंतर पुढचे एकेक चाक जॅकवर उचलायचे. मागच्या चाकांना दगडाची ओट लावा, हँडब्रेक ओढा आणि एक्सलखाली किंवा चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचे नाही. जॅक सरकायला एक क्षण पुरतो.

चाक घड्याळ आहे असे समजा. एक हात बारावर, एक हात सहावर ठेवून चाक आत-बाहेर हलवा. मग हात तीनवर आणि नऊवर ठेवून हलवा.

तीन-नऊला हलते आणि बारा-सहाला हलत नाही, तर दोष बहुधा टायरॉडच्या गोळीत किंवा स्टेअरिंगच्या साखळीत आहे.

बारा-सहालाही हलते, तर दोष चाकाच्या बेरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये. किंगपिन नसलेल्या गाडीत खालच्या बॉल जॉइंटमध्ये. या दोन्हींत फरक करायची युक्ती सोपी आहे. आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेरिंग ढिले आहे. ते बऱ्याच जुन्या गाड्यांत नट आवळून जुळवता येते व खर्च फारसा येत नाही. ब्रेक दाबूनही हालचाल राहिली, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट गेला आहे. चाक हाताने फिरवून घरघर येत असेल, तर बेरिंग आवळून भागणार नाही, बदलावेच लागेल.

मारुतीत टायरॉडचा आतला सांधा रबरी भात्याच्या आत असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. भाता मुठीत धरून दाबा आणि दुसऱ्याला चाक तीन-नऊला हलवायला सांगा. आत टक्-टक् जाणवले तर तो सांधा झिजला आहे.

बॉक्सच्या स्क्रूला आधी हात लावू नका

स्टेअरिंग बॉक्सवर एक स्क्रू आणि त्यावर चेकनट असतो. घाईत असलेला कारागीर चेकनट सैल करतो, स्क्रू अर्धा फेरा आवळतो आणि म्हणतो, "झालं टाइट." दोन दिवस गाडी चांगली वाटते. ही सवय का वाईट आहे हे समजून घेतले पाहिजे.

गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. त्यामुळे बॉक्समधील दाते मधल्या जागी जास्त झिजतात आणि दोन्ही कडांना कमी झिजतात. मधली ढिलाई घालवण्यासाठी स्क्रू आवळला की कडांना दाते एकमेकांत घट्ट रुततात. मग वळणावर स्टेअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. ढिल्या स्टेअरिंगपेक्षा अडकणारे स्टेअरिंग जास्त धोक्याचे. म्हणून बाहेरचे सर्व सांधे तपासून झाल्यावरच, ड्रॉप आर्मजवळ बॉक्सची ढिलाई सिद्ध झाली तरच, स्क्रू थोडा थोडा आवळावा. चाके सरळ असताना आवळावा आणि लगेच चाके उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठेही अडकता कामा नये. अडकत असेल तर स्क्रू मागे घ्यावा, आणि ढिलाई तरीही राहत असेल तर मात्र बॉक्स खरोखरच उघडावा लागेल.

बॉक्समध्ये गिअर ऑइल असते. ड्रॉप आर्मच्या दांड्याभोवती तेलाचा ओघळ दिसला तर सील गेले आहे. तेल कमी होऊन बॉक्स कोरडा चालला की दाते झपाट्याने झिजतात. सील स्वस्त, बॉक्स महाग, हे ध्यानात असू द्यावे.

गॅरेजमध्ये काय बोलावे

"स्टेअरिंग लूज आहे, पाहा" असे सांगून गाडी सोडून येऊ नका. आपण काय पाहिले ते सांगा: "डाव्या टायरॉडच्या बाहेरच्या गोळीत प्ले आहे, टोपी फाटली आहे, बाकीचे सांधे घट्ट आहेत." कारागिराने दुसरे काही सांगितले, तर त्याला तो भाग हलवून दाखवायला सांगा. जाणता कारागीर याचा राग मानत नाही. उलट अशा गिऱ्हाइकाचे काम करायला त्याला बरे वाटते. कोणी सांगितले म्हणून मान्य करू नये, स्वतः पाहून खात्री करावी, ही शिकवण गाडीच्या कामातही उपयोगी पडते.

आणखी तीन गोष्टी. जुना काढलेला भाग मागून घ्या. टायरॉडच्या गोळीचा नट पिनेने अडकवलेला असेल, तर तिथे नवी स्प्लिट पिन घातली का ते डोळ्यांनी पाहा. जुनी वाकवलेली पिन पुन्हा घालू देऊ नका, आणि पिनेच्या जागी तारेचा तुकडा तर मुळीच नको. तिसरी गोष्ट, टायरॉड बदलला की चाकांची अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत खलास होतात. पण सांधे ढिले असताना आधी अलाइनमेंट करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. ढिल्या सांध्यांवर केलेले माप पहिल्याच खड्ड्यात बदलते.

गाडी कधी उभीच ठेवावी

थोडी ढिलाई असलेली गाडी सावकाश चालवून गॅरेजपर्यंत नेता येते. परंतु पुढीलपैकी काहीही दिसले, तर त्या दिवशीचे भाडे सोडून द्यावे. गोळी वाटीतून वर-खाली स्पष्ट उचलते आहे, नटची पिन नाही, चेसिसला किंवा एखाद्या आर्मला तडा आहे, बॉक्सचा बोल्ट तुटला आहे, किंवा स्टेअरिंग मध्येच अडकते आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. कारागिराला गाडीजवळ आणावे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ढिल्या स्टेअरिंगमुळे अर्धा सेकंद वाया गेला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आपल्याकडे खेड्याला जाणारा एकेरी रस्ता पावणेचार मीटर रुंद. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की दोघांनाही एकेक चाक साइडपट्टीवर उतरवावे लागते. तिथे वीतभर चुकायलाही जागा नाही. त्यात जीपमध्ये माणसे दाटीने बसलेली, त्यांत लेकुरवाळ्या बाया, शाळेची मुले. गोळी निसटली तर चालकाच्या हातात केवळ फिरणारे स्टेअरिंग राहते.

एका दिवसाचे भाडे बुडाले तर ते दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. टायरॉडची गोळी, बेरिंगचा नट, रबराची टोपी हा खर्चही एखाद्या महिन्याच्या काटकसरीतून निघतो. म्हणून ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईआधी एकदा, असे वर्षातून दोन वेळा तरी कुटुंबाने मिळून ही तपासणी करावी. मुलांना सोबत घ्यावे, स्टेअरिंग हलवायला बसवावे, मोजलेले अंतर त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावे. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, पण जे रोज काळी-पिवळीने जातात, त्यांनीही चालक सरळ रस्त्यावर सारखे स्टेअरिंग डावे-उजवे करताना दिसला, तर संकोच न करता विचारावे, "भाऊ, खालचे सांधे कधी पाहिले होते?"